कोलम नसलेलं दार

गुम्मिडिपूंडीच्या पुढच्या एका खेड्यात मी पत्रकं वाटायला जायचो. तिथं सांडपाणी शुद्ध करायचं केंद्र बांधून तयार होतं, पण पंचायत पंपच चालवत नव्हती. सगळ्या गावाची घाण सरळ तळ्यात!

गल्लीत दारोदारी कोलम, म्हणजे इथली तांदळाच्या पिठाची रांगोळी. फक्त एका पाट्टीचं, म्हणजे आजीचं, दार कोरं. ती अंगण झाडायची, पिठाचा डबा बाहेर आणायची, तळ्याकडे बघायची आणि डबा तसाच आत न्यायची.

"पाट्टी, कोलम का नाही?"

"घरातलं कुणी गेलं की घालत नाहीत, तंबी," ती मला धाकट्या भावासारखं म्हणाली. "आमचं तळं गेलं."

पुढच्या पत्रकावर मी एवढंच छापलं. पोंगल तोंडावर आला आणि अख्ख्या गल्लीची दारं कोरी! पंचायतीचं धाबं दणाणलं. पंप सुरू झाला.

पंचायतीचे साहेब फोटोवाल्याला घेऊन आजीच्या दारी आले. "पाट्टी, आता तरी घाला!"

तिनं डबा काखेत घट्ट दाबला. "आधी तळ्यात मासा दिसू दे."

तो डबा अजून उघडलेला नाही. म्हणूनच पंप बंद करायची कुणाची हिंमत होत नाही.