शरयूकाकूंच्या घराला मी आणलेलं गिऱ्हाईक

स्वतःच्या तोंडाने काय सांगायचं, पण शरयूकाकूंचं राहतं घर मी विकायला काढलं होतं. त्यांना न विचारता!

तेव्हा वारज्यात घरासाठी आयटीवाल्यांची झुंबड उडालेली. आमची इमारत जुनी, लिफ्ट नाही. गुडघे गेले की घर विकायचं, ही आमच्या सोसायटीची रीतच पडली होती. मी दुसऱ्या मजल्यावर, काकू तिसऱ्यावर. एकट्या, आणि गुडघ्यांची झीज झालेली.

एके दिवशी त्यांचा मुलगा जिन्यात टेप लावून मोजमाप घेताना दिसला. मोजमाप? म्हणजे घर निघालं विकायला! रडूच आलं हो मला. मग म्हटलं, जाणारच आहेत तर शेजार तरी आपण निवडू! समोरच्या इमारतीत एक जोडपं भाड्याने राहायचं, दोघंही कॉम्प्युटरवाले. त्यांनाच घेऊन वर गेले.

जिन्याच्या प्रत्येक वळणावर मी थांबायची. "इथे वारा किती छान येतो, नाही?" दम लागलाय, गुडघे कुरकुरतायत, हे कशाला सांगू?

काकूंनी दार उघडलं.

"काकू, यांना घर दाखवा."

"कुणाचं?"

"अहो, तुमचंच! विकताय ना?"

"हो का? मला कुणी कळवलं नाही."

"मग तो टेप कशाला?"

"जिन्याला भिंतीच्या बाजूनेही दांडा बसवतोय तो, मला धरायला. मी हे घर सोडून कुठेही जाणार नाही."

"पण तुमचे गुडघे?"

"डॉक्टरांनी नवीन औषध सुरू केलंय. हाडांमधली गादी असते ना, कूर्चा, ती गेलेली परत येईलच असं नाही म्हणाले. पण आहे ती टिकावी, झीज मंदावावी, म्हणून. सगळ्यांना लागू पडतंच असंही नाही. सोबत व्यायाम करतेय. काल खाली जाऊन कोथिंबीर आणली मी!"

त्या कोथिंबिरीचा काय आनंद झाला म्हणून सांगू! काकू राहणार! मी त्यांना मिठीच मारली. ते जोडपं दारात ताटकळतंय, याचं भानच नाही.

शेवटी त्या जोडप्यातला मुलगा चाचरत म्हणाला, "म्हणजे... फ्लॅट नाहीये का?"

"आहे की," काकू शांतपणे म्हणाल्या, "दुसऱ्या मजल्यावर. यांचा. दार बंद असूनही यांचे गुडघे मला आत ऐकू येत होते."

मी हसण्यावारी नेलं हो. पण ती मुलगी? माझ्या गुडघ्यांकडे नीट बघून मलाच म्हणते कशी,

"मग काकू, तुमचं पझेशन कधी मिळेल?"