रोलर गार करून दिल्याबद्दल

विद्या आणि उद्योग यांचं मीलन झाल्याशिवाय राष्ट्र उभं राहत नाही, असं आमचे विभागप्रमुख म्हणत. महाराष्ट्र राज्य होऊन फार दिवस झाले नव्हते आणि भाषणांत त्या काळी सगळंच उभं राहत होतं. हे मीलन प्रत्यक्षात जळगाव जामोदच्या एका जिनिंगमध्ये झालं. तिथे विद्येच्या बाजूने मी एकटाच होतो.

मी विद्यापीठात अभियांत्रिकीच्या वरच्या पदवीसाठी प्रबंध करत होतो. कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रात चामड्याचा एक रोलर असतो. तो सतत फिरून किती तापतो आणि त्यामुळे रुईचा तंतू किती तुटतो, हा माझा विषय. विभागप्रमुख आणि जिनिंगचे शेटजी यांच्यात करार झाला. त्यात एक कलम होतं: संशोधकाने हंगामभर आवारातच राहावं. ते मी सही केल्यावर वाचलं.

आवाराचं फाटक आगीच्या भीतीने पाळी चालू असेतो कुलूपबंद असे. बाहेर जायला मॅनेजरची चिठ्ठी लागे आणि मॅनेजर ती फक्त बाजाराच्या दिवशी देत. माझी खोली रुईच्या गोदामाला लागून होती. चहात रुई, अंथरुणात रुई, भुवयांवर रुई. उत्तरेच्या खिडकीतून सातपुडा दिसायचा. पहिल्या आठवड्यात तो मला सुंदर वाटला. नंतर ती एक भिंतच आहे, असं वाटू लागलं.

एवढं सोसायला कारण होतं. पुण्याच्या एका कारखान्याने मला नोकरी देऊ केली होती. अट एकच: जूनच्या एक तारखेला प्रबंध मंजूर झाल्याचं पत्र घेऊन हजर व्हायचं. ते चुकलं तर जागा दुसऱ्याला.

मापनाचा क्रम ठरलेला होता. सकाळी पावणेदहाला मॅनेजर मला कचेरीत चहाला बसवत. दहाला मी थर्मामीटरची लाकडी पेटी घेऊन ठरलेल्या चार यंत्रांपाशी जाई. एकेक यंत्र क्षणभर थांबवून थर्मामीटर चामड्याला टेकवायचा आणि आकडा वहीत लिहायचा. दुपारी तीनला पुन्हा तेच, आधी चहासकट. आकडे फार चांगले येत होते. पुस्तकांत लिहिलं होतं त्यापेक्षा आमचे रोलर बरेच गार होते. विभागप्रमुखांनी दिल्लीच्या परिषदेत ते वाचूनही दाखवले. शेटजी तर खूशच होते. मुंबईच्या गिरणीवाल्यांना ते आता सांगू शकत होते की आपली रुई विद्यापीठाने तपासलेली आहे.

हंगाम संपायला आठवडा उरला असताना एका सकाळी कचेरीतलं दूध नासलं. चहा चुकला आणि मी पंधरा मिनिटं आधी यंत्रांपाशी पोहोचलो. आवारात चाळीस यंत्रं धडधडत होती, माझी चार बंद होती. त्यांचे पट्टे मोकळ्या चाकावर सरकवलेले होते. म्हातारे हेडफिटर एका रोलरला गोणपाटाने वारा घालत होते.

"काका, काय करून राह्यले?"

"थांबा ना साहेब जराक. गार नाई झालं अजून."

"काऊन गार करता पण?"

"मंग? तुमच्या नळीत पारा वर चढला तं आपलं नाव नाई जानार? मांगं कारखान्याचे इन्स्पेक्टर आलते, तवाबी असंच केलं. पास झालो."

"कधीपासून चालू आहे हे?"

"तुमी आले त्या दिवसापासून. मॅनेजर तुमाले चहात अडकवते, मी इकडं वारा घालतो. तुमी याच्या आंदी पट्टा पुना चढवतो."

"अहो, ही यंत्राची परीक्षा नाही."

"मंग कोनाची हाये?"

"माझी."

"मंग तं आनखीच गार पायजे."

मी पेटी तशीच बंद ठेवली. खरे आकडे घ्यायचे तर पुढचा हंगाम दिवाळीनंतर, म्हणजे पुन्हा ती खोली आणि पुणे गेलं. बाजाराच्या दिवशी चिठ्ठी घेऊन निघालो आणि रात्रभर प्रवास करून विभागप्रमुखांना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा पुसला.

"यंत्रं रोज तितकाच वेळ बंद ठेवत होते ना?"

"हो सर. रोज."

"मग त्याला आपण नियंत्रित परिस्थिती म्हणू."

मी हो म्हणालो. लगेच म्हणालो, हा शब्द लिहून ठेवतो.

जिनिंगवर परत येऊन प्रबंध लिहायला बसलो. एक दिवस फिटरकाका दारात उभे राहिले.

"माहं काम लिवलं का साहेब पुस्तकात? हंगामभर वारा घातला ना. खांदा गेला."

खरं लिहा असं मला सांगणारे ते एकटेच होते, आणि त्याने माझं काय जाईल हे त्यांना माहीत नव्हतं. प्रकरणात लिहिलं तर प्रबंध पडणार होता. न लिहावं तर काका दारातून हलत नव्हते. शेवटी आभाराच्या पानावर लिहिलं: "प्रत्येक मापनापूर्वी यंत्र पंधरा मिनिटे थांबवून व वारा घालून रोलर गार करून दिल्याबद्दल हेडफिटरांचा मी ऋणी आहे." प्रबंध इंग्रजीत होता, म्हणून त्यांना मराठीत अर्थ सांगितला. त्यांनी तो दोनदा सांगायला लावला आणि समाधानाने गेले.

विभागप्रमुखांनी ते पान वाचलं. आपलं नाव पहिलं आहे एवढं पाहून सही केली.

मे महिन्याच्या अखेरीस बाहेरचे परीक्षक आले. प्रबंध त्यांच्यापुढे आभाराच्या पानावर उघडा होता. पेन्सिलीची खूण नेमक्या त्या वाक्याशी होती. मी पुणं मनातून सोडून दिलं आणि त्या खोलीतला दुसरा हंगाम मोजायला लागलो.

परीक्षक म्हणाले, काम समाधानकारक आहे, एकच दुरुस्ती करा. शेटजींचे आभार फिटरच्या आधी यायला हवेत.