दादाच्या स्क्रिप्टमधलं शून्य

‘आत्या, बाबा उठत नाहीयेत...’ एवढंच मुक्ता फोनवर बोलली. मंगला गौरीच्या माझ्या घरून रामघाटला दादाच्या घरी पोचेपर्यंत मला सगळं कळून चुकलं होतं. त्याला जाऊन आता महिना होत आला. गंगा अजून उतरलेली नाही.

विनायकदादा माझा थोरला भाऊ. रेल्वेच्या कॉम्प्युटर विभागातून रिटायर झाल्यावर त्याने एक छोटी स्क्रिप्ट, कॉम्प्युटरवर आपोआप चालणारा प्रोग्रॅम, लिहिली होती. एका संकेतस्थळावरून ती गंगेची पातळी उचलायची आणि धोका दिसला की घाटालगतच्या घरांना मोबाइलवर मेसेज पाठवायची. एरवी सकाळ-संध्याकाळ ‘सब ठीक’. खालच्या गल्लीतली माणसं त्या दोन शब्दांवर निर्धास्त असायची. यंदा श्रावणात मात्र त्याच्या स्क्रीनवर अधूनमधून वॉर्निंग यायला लागली... पातळीच्या व्हेरिएबलला, म्हणजे आकडा ठेवायच्या जागेला, किंमत मिळालेली नाही आणि तरी ते वापरलं जातंय. नोएडाहून सुट्टीवर आलेली त्याची मुलगी मुक्ता स्वतः इंजिनिअर. ती म्हणाली, ‘बाबा, वॉर्निंगच आहे, एरर नाही. इतकं टेन्शन कशाला?’

‘किंमत नाही आणि तरी चालतंय, याचीच भीती वाटते,’ दादा म्हणाला.

त्याच आठवड्यात छातीत दुखलं म्हणून त्याला दवाखान्यात ठेवावं लागलं. तिथेही त्याचा जीव त्या वॉर्निंगमध्ये अडकलेला. शेवटी मुक्ताने स्क्रिप्टच्या सुरुवातीलाच पातळीला शून्य देऊन टाकलं. वॉर्निंग थांबली. तिने हे आनंदाने येऊन सांगितलं, तेव्हा मी त्याच्या उशाशी बसले होते. दादाचा चेहरा उतरला.

‘शून्य? म्हणजे आकडा आलाच नाही तर स्क्रिप्ट नदीत पाणीच नाही असं धरणार.’

मुक्ताने मोबाइल पाहिला. सकाळचा मेसेज होता, सब ठीक. मग तिने संकेतस्थळ उघडलं. पातळीची जागा कोरी होती. बाहेर स्वच्छ ऊन पडलेलं. पण पाऊस इथे पडावा लागत नाही, पाणी नदीच्या वरच्या अंगाने येतं...

आम्ही दोघी रामघाटला धावलो. खालच्या गल्लीत पाणी आवाज न करता शिरलं होतं आणि एकट्या राहणाऱ्या गोदाकाकू देवापुढे बसून होत्या. ‘विनायकचा मेसेज आलाय ना,’ म्हणत त्या उठेनात. मुक्ताने त्यांना पाठीवर घेतलं. गुडघाभर पाण्यातून वर आणलं. शेजारची घरं हाका मारून रिकामी केली. कुणाला काही झालं नाही. संध्याकाळी काकूंच्या दाराची कडी पाण्याखाली गेली होती.

दवाखान्यातून घरी आल्यावर दादाने सगळ्यात आधी ते शून्य काढायला लावलं. तो पलंगावरून सांगत होता, मुक्ता टाइप करत होती. ‘आकडा नसेल तर कळत नाही असंच लिही. सब ठीक म्हणू नको.’ त्यानंतर दोन दिवसांनी तो झोपेतच गेला.

मुक्ता परत गेलेली नाही. दादाच्या खोलीत, त्याच्याच टेबलाशी बसून ती ऑफिसचं काम करते. काल दुपारी मी तिथे होते. आमचे दोघींचे मोबाइल एकदम वाजले. ‘पातळी कळत नाही. जाऊन पाहा.’ मुक्ताने चपला घातल्या आणि ती जिना उतरली. मी खिडकीशी गेले. गल्लीतल्या एकेका दारातून माणसं बाहेर पडत होती, घाटाकडे निघाली होती.