कपलर तोडून आणू नये

उत्तरेश्वर हा माणूस मला कधी आवडला नाही, आजही आवडत नाही. कोथरूड गावठाणात माझं पिको-फॉलचं दुकान आणि त्याचा मोटारसायकलींच्या वायरिंगचा गाळा, मध्ये एकच पत्रा. धाराशिवकडून आला तेव्हा म्हणे फार गरीब स्वभावाचा होता. पुण्याचं पाणी त्याला जरा जास्तच मानवलं. गाळ्यावर पाटी लावली: 'कपलर तोडून आणलेल्या गाडीला हात लावला जाणार नाही. कारण विचारू नये.'

पुढच्या दिव्याचा डूम, म्हणजे काचेसकट वाटी, फुटला की काढून नवा बसवणं हे त्याचं रोजचं काम. डूममागच्या वायरी प्लॅस्टिकच्या कपलरने जोडलेल्या असतात. ते एकाच बाजूने बसतं, चुकायला जागाच नाही. पण बाजारातल्या स्वस्त डूमला ते जुळत नाही, मग लोक कपलर कापून वायरी पिळतात आणि वर चिकटपट्टी गुंडाळतात. असं कोणी दारात आलं की उत्तरेश्वर त्याची अब्रू काढायचा, वायरी उंदराकडून कुरतडून घेतल्यात का म्हणून विचारायचा. जुनं गिऱ्हाईक असेल तरच शिव्या घालत काम हातात घ्यायचा.

तेव्हा त्याची बायको इंदुबाई उंबऱ्यावर भाजी निवडत बसलेली असे. तिचं लक्ष भाजीत कमी आणि नवऱ्याच्या हातांकडे जास्त. "आवं, ती तपकिरी हाय. हिरवी धरा, हिरवी. डोळं हायत का खोबण्या?" तोही गुरगुरायचा. दिवसभर हेच चालायचं. ही बाई नवऱ्याला सुखाने काम करू देत नाही, असं सगळ्या गल्लीचं मत होतं. माझंही होतं. मी तिला तोंडावर भोंगा म्हणायचे.

त्यांच्या मुलीला, अपेक्षाला, हे सहन होईना. खराडीच्या कंपनीत नोकरी लागल्यावर एका दुपारी तिने गाळ्यातच आईला सुनावलं की चारचौघांत तू अण्णांचा कुत्रा करून ठेवलायस, तुझं तोंड मला पुन्हा बघायचं नाही. ती खराडीत खोली घेऊन राहिली. उत्तरेश्वर तेव्हा एका गाडीचा बल्ब बसवत होता. त्याने मान वर केली नाही. गेल्या हिवाळ्यात इंदुबाई न्यूमोनियाने गेली, तोवर मायलेकींचं बोलणं झालं नव्हतं. त्यानंतर अपेक्षा रविवारी यायची, बापाजवळ मुकाट बसायची आणि जायची.

बायको गेल्यावर उत्तरेश्वर जुन्या गिऱ्हाइकांनाही हाकलू लागला. कपलर तोडलेलं दिसलं की गाडी परत. लोक म्हणाले, दुःखाने डोकं फिरलंय.

हे ऋषीच्या पथ्यावर पडलं. ऋषी म्हणजे गाळ्याचे मालक दत्तोबा यांचा मुलगा. त्याला तिथे मित्राचा कॅफे काढायचा होता, पण दत्तोबांनी बजावलं होतं, या माणसाचं काम चालतंय तोवर त्याला उठवायचं नाही. म्हणून एका रविवारी ऋषी स्वतःच्या गाडीचं कपलर मुद्दाम कापून, नवा डूम घेऊन आला आणि मोबाईल काढून शूटिंग करत उभा राहिला. "काका, फिट करा. नाहीतर पप्पांना सांगतो, यांना काम जमत नाही. गाळा खाली करा, सिंपल."

मी मशीन बंद करून बाहेर आले. उत्तरेश्वरची जिरलेली मला बघायचीच होती.

डूम त्याने सफाईने बसवला. वायरींपाशी मात्र अडला. उजेडात धरून उलटसुलट बघू लागला. तपासणीचा दिवा लावून एकेक वायर बघायला ऋषी वेळ देईना. शेवटी त्याने जोड मारला, किल्ली फिरवली आणि फ्यूज उडाला. दुसरा घातला, तोही उडाला. ऋषी मोबाईलमध्ये बघून हसला. मी दिवसभर साडीला दोरा जुळवणारी बाई, मला दारातून दिसत होतं: त्याने दोन्ही वेळा हिरवीला तपकिरी जोडली होती.

रविवार म्हणून बापाजवळ बसलेल्या अपेक्षालाही ते दिसलं. "अण्णा, ती हिरवी नाही."

त्याचे हात थांबले. "मग कुठली?"

तिने बोट दाखवलं. त्याने जोडली आणि दिवा लागला, पण दिव्याकडे कोणी बघितलं नाही. अपेक्षाचा चेहरा पांढरा पडला होता. आईला हे माहीत होतं का, तिने विचारलं. लग्नापासून, तो म्हणाला.

"मी तिला तसं बोलून गेले तेव्हा तुम्ही इथंच होतात. गप्प का बसलात?"

"गिऱ्हाईक उभं होतं."

"आत्ताही आहे."

उत्तरेश्वरने ऋषीकडे बघितलं. "मला हिरवं आन् तपकिरी सारखंच दिसतं. इंदू सांगायची, तवा काम व्हायचं. जा, सांग तुझ्या बापाला."

ऋषीने मोबाईल खिशात घातला. अपेक्षाने पर्स उचलली.

"हे ऐकायला आई हवी होती," ती म्हणाली आणि मागे न बघता निघून गेली. पुढच्या रविवारी ती आली नाही.