पाऊणपट भरती आणि पसंत पडलेला नाखवा

मुलगी बघायला समुद्रमार्गे जायची कल्पना माझी होती. हे आधीच कबूल करतो, कारण मी नाही केलं तर आमची आत्या येऊन करेल.

आमचं गाव उरणकडचं. आजोबांनी मिठागर राबवलं, वडिलांनी म्हणजे आबांनी मिठागर आणि भातशेती दोन्ही केली, आणि मी कॉलेज केलं. घराण्यातला पहिला पदवीधर! बी. ए., इतिहास, दुसरा वर्ग. (पहिला चार मार्कांनी हुकला. असो.) माझा खास विषय जगाच्या शोधमोहिमा. कोलंबस, मॅगेलन, वास्को द गामा ही माणसं मला सख्ख्या चुलत्यांपेक्षा जवळची. चुलतेही तसंच म्हणतात.

दोन स्थळं आधीच हातची गेली होती. तिसरं होतं धरमतर खाडीपलीकडचं. मुलगी दर्शना, मांडव्याच्या जेट्टीवर तिकीट खिडकीत बसणारी. आईने या स्थळासाठी सोळा सोमवार धरले होते आणि आठव्या सोमवारीच मला बजावलं होतं, "हे गेलं ना किशोर, तर मी कुणाला तोंड दाखवणार न्हाय!"

रस्त्याने जायचं तर पेणवरून वळसा, अडीच तास, तेही कंटेनरच्या मागे. होडीने चाळीस मिनिटं, थेट त्यांच्या बांधापाशी.

"वास्को द गामा आख्ख्या आफ्रिकेला वळसा घालून आला," मी जाहीर केलं. "आपल्याला फक्त खाडी ओलांडायचीय."

"तो काय पोरगी बघायला आलेला?" आत्याने विचारलं.

आता भरतीचा हिशेब. आमच्याकडे तो पिढ्यान्‌पिढ्या तोंडपाठ: तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती. त्रयोदशी होती. तेराची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे पावणेदहाला पाणी चढायला लागणार, असा मी अर्थ लावला आणि पाणी नीट चढू दे म्हणून सगळ्यांना साडेअकरापर्यंत घरात बसवून ठेवलं. नव्या कपड्यांत, पंखा लावून! आबा दोनदा काहीतरी बोलायला आले. मी म्हटलं, "आबा, तुम्ही फक्त बसा." ते बसले.

(पावणेदहाला पाणी चढायला लागत नाही, चढून संपतं. हे आमच्या गावात शेंबड्या पोरालाही माहीत असतं. पण त्याची बी. ए. झालेली नसते.)

होडी जगू नाखव्याची. उंच, रुंद खांद्यांचा, गळ्यात चेन, डोळ्यांवर काळा गॉगल. त्याने पाण्याकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"दादा, सुकती लागली ना. पानी उतरतंय."

"छे! भरती आत्ता तर सुरू झालीय."

"व्हय का?" आबा मागून म्हणाले. "मग पान्याला सांग तसं."

निघालो. खाडीच्या मध्यावर सगळं झकास होतं. मी आईला सांगत होतो की कोलंबस शेवटपर्यंत आपण आशियातच पोचलो असं समजून होता. तेवढ्यात होडीखाली 'सर्रर्र' झालं आणि आम्ही थांबलो. समोर दोनशे पावलांवर बांध. बांधावर नटूनथटून उभी मुलीकडची मंडळी. मध्ये निव्वळ चिखल!

"पोचलो?" आईने विचारलं.

"जवळजवळ," मी म्हटलं.

जगूने शर्ट काढला आणि चिखलात उडी टाकून होडी रेटायला लागला. आबाही धोतर खोचून उतरले. आत्या होडीतूनच वल्ह्याने चिखल ढोसू लागली. नवे बूट असल्यामुळे मी मार्गदर्शन करत होतो.

तेवढ्यात आकाशातून घोंघावत काहीतरी आमच्या डोक्यावर आलं. मुलीचा भाऊ लग्नांचे व्हिडिओ काढतो, त्याचा ड्रोन! पाहुणे का अडकले ते बघायला त्याने सोडला होता. आत्याने लगेच वल्हं उगारलं.

"आत्या, थांब! तो कॅमेरा आहे! माणसाने हवेत झेप घेतली तो केवढा इतिहास आहे! पहिल्या मोठ्या फुग्यातून माणसाआधी एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा वर गेले होते."

"खाली आल्यावर कापला का कोंबडा?"

मी उत्तर देणार तोच बांधावरून मुलीच्या वडिलांची हाक आली, "ओ पावनं! मुलगा पसंत हाय!"

आईने हात जोडले, डोळ्यांना पदर लावला. मी गोंधळलो. न बोलता पसंत? मी?

"त्याला म्हणावं, पुरे झालं ढकलणं! शर्ट घाल नि जेवायला चल!"

मी माझ्या शर्टाकडे बघितलं. तो अंगावरच होता. सगळ्यांच्या माना हळूहळू जगूकडे वळल्या. जगूचा चेहरा लालबुंद झाला आणि त्या भल्या माणसाने दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडून खुलासा केला, "माजं लगीन झालंय वो! दोन पोरं हायत!"

बांधावर कुजबुज उसळली. मग एक बाई कडाडली, "लाज न्हाय वाटत? लगीन झालेला पोरगा दाखवाया आनलात!"

ड्रोन गर्रकन परत फिरला. बायकाही पाठ फिरवायला लागल्या. आई होडीत मटकन बसली. "गेलं," ती पुटपुटली. "हेपण गेलं."

मी फळीवर उभा राहिलो. घसा साफ केला. "मंडळी, गैरसमज झालाय! वास्को द गामालासुद्धा आफ्रिकेच्या किनाऱ्यावर एक वाटाड्या मिळाला होता. त्या वाटाड्याच्या जिवावर तो कालिकतला पोचला, पण म्हणून काही वाटाड्या म्हणजे..."

"आरं, तू नवरा हायस एवढंच सांग ना!" आबा चिखलातून गरजले.

मी उडी मारली. गुडघ्यापर्यंत गेलो. दुसऱ्या पावलाला डावा बूट गेला, पाचव्याला उजवा, मध्येच एकदा मी स्वतःच पूर्ण गेलो. बांधावर चढलो तेव्हा माझे फक्त डोळे मूळ रंगाचे होते.

"आनि ह्यो कोण?" मुलीचे वडील दोन पावलं मागे सरकले.

"हेच ते, बाबा," कुणीतरी म्हणालं. हातात पाण्याचा तांब्या घेऊन दर्शना पुढे आली होती.

"कशावरनं?"

"ड्रोनमध्ये बघितलं ना मी. सगळे होडी ढकलत होते, ती वल्हंवाली म्हातारीसुद्धा. हे एकटेच हातवारे करत उभे होते. म्हटलं, पदवीधर हेच."

बांधावर जो हशा पिकला, तो होडीपर्यंत पोचला. पहिला आवाज आबांचा होता.

तिने तांब्या माझ्या हातात दिला. "एवढा उशीर कशाने झाला?"

या प्रश्नावर मी चाळीस मिनिटं सहज बोललो असतो. चंद्र, तिथी, कोलंबसाची चुकलेली गणितं, सगळं तयार होतं. पण तिच्या डोळ्यांकडे बघितलं आणि आयुष्यात पहिल्यांदा एका शब्दात उत्तर दिलं.

"ट्रॅफिक."

ती हसली. आई म्हणते, होकार तिथेच आला. आत्या म्हणते, ते हसू वेगळ्या जातीचं होतं. लग्नाला आता सहा वर्षं झाली, पण खरं काय ते शोधून काढायची हिंमत या शोधमोहिमांच्या अभ्यासकाला अजून झालेली नाही.