गुळगुळीत काच

सात महिने मी चुकीचं मोजत होते, आणि ते मला पहिल्याच आठवड्यात एका खळ ढवळणाऱ्या माणसाने सांगितलं होतं. तो माणूस म्हणजे माझे वडील. त्यांचं ऐकलं नाही याचा राग मला आजही येतो.

परळच्या प्रयोगशाळेत मी दोन काचांमध्ये एक दाट द्रव भरायचे. त्यात नुसत्या डोळ्यांना न दिसणारे कण इतके ठासलेले, की प्रत्येकाला शेजाऱ्यांनीच कोंडून ठेवलेलं. वरची काच हळूहळू सरकवायची आणि कण त्या कोंडीतून निसटतो कसा ते सूक्ष्मदर्शकातून बघायचं. माझे कण निसटतच नव्हते. काच सरकायची, ते जागच्या जागी. मार्गदर्शक सर म्हणायचे, "डेटा स्मूथ कर, होतं असं."

नायगावच्या चाळीत जेवताना हे मी अप्पांना सांगितलं. ते गिरणीत कापडछपाईची खळ ढवळायचे. म्हणाले, "काच नुसती वरच्यावर घसरतेय गो. आम्ही दांड्याला सुतळी गुंडाळायचो. गुळगुळीत दांडा फिरतो, खळ हलत नाय."

"अप्पा, ही खळ नाहीये," मी म्हणाले. मोठी शहाणी मी.

सात महिन्यांनी, सगळे उपाय थकल्यावर, काच खरखरीत व्हावी म्हणून मी तिच्यावर कणांचाच एक थर भाजून चिकटवला. आता काच सरकवली तर आतला एक कण हलला, त्याच्या जागेत शेजारचा घुसला, मग तिसरा. चार-पाच जणांनी एकमेकांना वाट दिली आणि पुन्हा सगळे कोंडले गेले. मी खुर्चीत बसून स्वतःला शिव्या घातल्या.

प्रबंधात मी लिहिलं की काच खरखरीत करण्याची सूचना माझ्या वडिलांची, गिरणीतल्या अनुभवातून आलेली. सरांनी त्यावर लाल रेघ मारली. "मेथडमध्ये घरचे कुठे आणतेस? 'प्राथमिक चाचणीत आढळले' असं लिही. आई-वडिलांचे आशीर्वाद शेवटी टाक, सगळेच टाकतात." मी भांडायला हवं होतं. पण त्यांची सही अडकली असती, म्हणून मुकाट्याने तसंच लिहिलं. सरांपेक्षा मला स्वतःचाच जास्त संताप येतो.

छापलेला प्रबंध घरी आणला. इंग्रजी पानं उलटत अप्पांनी विचारलं, "यात माझं कुठे आहे?" मी शेवटच्या पानावर बोट ठेवलं आणि ती ओळ मराठीत वाचून दाखवली.

त्यांनी चष्मा काढला. "आशीर्वाद?" ते म्हणाले. "मी तर तुला काम सांगितलं होतं."