इर्पिनच्या लढाईतला माझा सल्ला

रिटायर झालो त्याच वर्षी मला एक युद्ध मिळालं. रशियाचं सैन्य कीववर चाल करून निघालं होतं आणि इथे ह्यूस्टनजवळच्या शुगर लँडमधल्या सोफ्यावर बसून मी ते रोज अडवत होतो. जन्मभर तेलाच्या पाइपलाइन डिझाइन केल्या. नकाशा वाचता येतो, एवढंच भांडवल. पण आमच्या मराठी मित्रांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तेवढ्यावर मी लष्करी तज्ज्ञ झालो. कीवच्या वेशीवरच्या उपनगराबद्दल मी लिहिलं, ‘इर्पिन पडलं की कीव दोन दिवसांत जाणार.’ भराभर अंगठे आले.

आमच्या शेजारची नर्स युक्रेनची, हे माहीत होतं. तिची आई इर्पिनलाच राहते, हे मात्र एका सकाळी ती फोन घेऊन दारात उभी राहिली तेव्हा कळलं. आई कित्येक दिवस तळघरात होती. शत्रूला अडवायला युक्रेनच्याच सैन्यानं कीवच्या रस्त्यावरचा पूल उडवला होता आणि लोक त्याच्याखालून, नदीवर टाकलेल्या फळ्यांवरून चालत निघत होते.

“काका, तुम्ही सगळं फॉलो करता ना?” तिनं इंग्रजीतच विचारलं, ‘काका’ तेवढं आमच्याकडून उचललेलं. “आईच्या फोनचं चार्जिंग संपत आलंय. तिनं आज निघावं की थांबावं?”

माझ्या नकाशावर बाण भरपूर होते. तळघर एकही नव्हतं.

“मला नाही गं सांगता येणार,” मी कसाबसा म्हणालो.

बायको हात पुसत किचनमधून आली. “त्यांना विचार, गुडघे कसे आहेत?”

नर्सनं विचारलं आणि रडता रडता हसली. “म्हणते, तुझ्यापेक्षा बरे आहेत.”

“मग निघू देत. आत्ताच.”

आई निघाली. दुसऱ्या दिवशी कीवहून तिचा फोन आला. रशियाचं सैन्य इर्पिनलाच अडकलं आणि महिनाअखेर मागे फिरलं. माझ्या ‘दोन दिवसां’चं काय झालं, हे ग्रुपवर कुणी विचारलं नाही. तोवर सगळे क्रिकेटचे तज्ज्ञ झाले होते.

उन्हाळ्यात आई इथे आली. बॉम्बखाली न डगमगलेली बाई ह्यूस्टनच्या दमट उकाड्यानं आठवड्यात हैराण झाली. ऑगस्टमध्ये तिनं वॉर्सोचं तिकीट काढायला लावलं; युक्रेनला विमानं बंद होती, तिथून पुढे रेल्वेनं घरी जाणार होती.

“अजून युद्ध चालू आहे,” मी तिला समजावलं. मुलीनं भाषांतर केलं.

“माहितेय,” ती म्हणाली. “पण घराचं छप्पर उडालंय. बर्फ पडायच्या आत घालायला हवं.”